कशालाच न जोडलेला क्लच

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, आणि मान वर करून सांगते. बी.एस्सी., फिजिक्स, सेकंड क्लास. सिल्वासाहून बसने वापी, वापीहून रेल्वेने पुढे, असं तीन वर्षं जाऊन-येऊन मिळवलेलं. डिग्रीचा कागद घरी आला तेव्हा वडिलांनी तो दोन्ही हातांनी धरून खिडकीपाशी नेला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. माझं नाव कुठे आहे ते त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं. मग त्यांनीही त्याच जागी बोट ठेवलं आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "माय, हे फिजिक्स नेमकं काय कामाचं असतं?"

मुलीला माय म्हणायची आमच्या खानदेशातली रीत. मी त्यांना आबा म्हणायची. त्या दिवशी मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली.

आबा ट्रक चालवायचे. सिल्वासाच्या आजूबाजूला कारखाने उभे राहू लागले तेव्हा धुळ्याकडून आमच्यासारखी पुष्कळ घरं इकडे आली. कोणी मशीनवर लागलं, कोणी पॅकिंगला. आबांच्या हातात गाडी होती. खडोलीच्या एका कारखान्यातलं सूत भिवंडीला पोचवायचं आणि परत यायचं. शाळेला सुट्टी असली की मी हट्टाने एखाद्या फेरीला त्यांच्यासोबत जायची. केबिनमध्ये चढताना चपला काढून सीटमागे ठेवायच्या, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा, मगच किल्ली फिरवायची, असा त्यांचा शिरस्ता. गाडी अनवाणी चालवायचे. पायात काही घातलं की गाडी काय बोलते ते पायाले कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी रस्त्याकडे कमी आणि त्यांच्या पायांकडे जास्त बघायची. चढ लागला, इंजिनाचा आवाज बदलला, की डावा पाय खाली जायचा, हात गिअरवर, आणि पाय पुन्हा वर. ते कोणाची तरी गंमत सांगत असायचे, तर गंमतही मध्ये थांबायची नाही. पाय आपलं काम आपण करत असायचा.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी वर्तमानपत्राची नळी करून त्यांच्या डोळ्याला लावली आणि सांगितलं की पुढे पुढे तुम्हाला असं दिसत जाईल, समोरचं दिसेल, बाजूचं जाईल. आबांनी ते घरी सांगितलं नाही. मग एक दिवस सुरंगीच्या फाट्यावर डाव्या बाजूने आलेला सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. त्याला काही झालं नाही. तो रस्त्याकडेच्या चारीत पडला, उठला, आबांना चार शिव्या घालून निघून गेला. आबांनी गाडी कारखान्यात आणून लावली आणि किल्ली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्यांना कोणी सोड म्हटलं नव्हतं. सायकलवाल्याचं मॅनेजरला कळलंही नसतं.

कारखान्याने त्यांना गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. ड्रायव्हर लोक गंमत करायचे, की आबा नंबर बघून लिहीत नाहीत, ऐकून लिहितात. ते थोडंफार खरं होतं. कोणत्या गाडीची क्लचप्लेट जायला आली आहे ते त्यांना गाडी गेटात शिरायच्या आधीच कळायचं. गाडी गेली की मात्र ते लगेच वहीकडे वळायचे नाहीत. ती वळणापर्यंत जाईस्तोवर बघत राहायचे. घरी त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही.

डिग्री हातात आल्यावर मी किलवणी नाक्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. क्लासचे मालक नाशिकचे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना सर म्हणायचो, ते मला मॅडम म्हणायचे. एका खोलीत पाच कॉम्प्युटर, खिडक्यांना जाड पडदे, आणि बाहेर चपलांचा ढीग. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून कोणी जात नसे. धूळ गेली की मशीन बिघडतं, असं सगळेच मानायचे.

तिथे शिकवायला लागून दोन-अडीच वर्षं झाली असतील, तेव्हा सरांचा भाऊ परदेशातून सुट्टीवर आला. त्याने येताना मोटारीच्या शर्यतीचा खेळ आणला. नुसता खेळ नाही, टेबलाला आवळायचं काळं स्टिअरिंग आणि खाली पायाशी ठेवायचा पेडलांचा डबा. डब्याला दोनच पेडलं, उजवीकडे रेसचं, डावीकडे ब्रेकचं. सरांनी ते शेवटच्या कॉम्प्युटरला लावलं. धडा पुरा करणाऱ्याला दहा मिनिटं गाडी, असा नियम केला. पोरं धडे भराभर उरकायला लागली.

एकदा सगळे गेल्यावर मी स्वतः त्यावर बसले. पहिल्याच वळणाला गाडी गवतात घातली. पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. त्या पडद्यावर जे होतं ते सगळं समोर होतं. बाजू नव्हतीच. डावीकडून येणारी सायकल नव्हती, आरसे नव्हते. डॉक्टरांच्या नळीतून जेवढं दिसतं, तेवढंच जग होतं.

घरी येऊन मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, खेळण्यातली गाडी मी काय करू. विषय संपला असं मला वाटलं. तीन-चार दिवसांनी जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "त्या गाडीले गिअर आहेत का?"

मी म्हटलं, गिअर आपोआप पडतात.

पुढच्या रविवारी दुपारी क्लास बंद होता. मशीन पुसायला मी जायची, म्हणून किल्ली माझ्याकडे असायची. आबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत आले. दाराबाहेर चपला काढायला सांगितल्या तेव्हा त्यांना हसू आलं. "आपल्या केबिनसारखंच आहे की," म्हणाले. खुर्चीवर बसले, प्लॅस्टिकच्या त्या स्टिअरिंगला हात लावला आणि हात कपाळाला नेला. मी दुसरीकडे बघितलं.

गाडी सुटली. सुरुवातीला त्यांनी ती इतकी सरळ, इतकी बेताने नेली की मला भरून आलं. पोरं ती भिंतींवर आपटत न्यायची. मग वेग वाढला, इंजिनाचा आवाज चढला, आणि गाडी भररस्त्यात गच्चकन थांबली. मागची गाडी येऊन आदळली. आबांनी पुन्हा सुरुवात केली. आवाज चढला, गाडी पुन्हा थांबली. मी म्हटलं, आबा, ब्रेक नका दाबू. ते म्हणाले, मी कुठे दाबतोय. चौथ्यांदा पायाशी टक्क आवाज झाला आणि डावं पेडल आडवं पडलं.

वाकून बघायच्या आधीच त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "तुटलं." आणि थोड्या वेळाने, "मी मोडलं."

सोमवारी मी सरांना सांगितलं. आपोआप तुटलं, पोरांनी तोडलं, असं काहीही सांगता आलं असतं. आमच्या घरात किल्ली टेबलावर ठेवायची पद्धत आहे. मी म्हटलं, काल वडिलांना बसवलं होतं, त्यांच्या पायाने तुटलं. सर रागावले नाहीत. तुकडा हातात घेऊन उलटासुलटा करत म्हणाले, "मॅडम, घरच्या माणसांना क्लासमध्ये नका आणत जाऊ."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आम्ही ते नीट करून देऊ. ते म्हणाले, हे इथे काय, मुंबईतही मिळायचं नाही. मी म्हटलं, "मिळेल असं मी म्हटलंच नाही, सर. करून देऊ म्हटलं."

डबा पिशवीत घालून घरी आणला. सरांची वस्तू परत करायची होती, ते तर होतंच. पण खरं सांगायचं तर माझ्यापुढे प्रश्न वेगळा होता. आबा त्या स्टिअरिंगवर परत बसतील की नाही. कारण ते चालवू शकतील अशी दुसरी गाडी आता जगात राहिली नव्हती, आणि हे मला जेवढं माहीत होतं तेवढंच त्यांनाही.

डबा उघडला तर आत फारसं काही नव्हतं. पेडल दाबलं की एक छोटा दांडा फिरतो, तो दांडा म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणाच्या आत असतो तोच भाग. किती फिरला त्यावरून कॉम्प्युटरला कळतं, ब्रेक किती लागला. तो भाग शाबूत होता. मोडलं होतं ते प्लॅस्टिकचं पेडल, अगदी मुळाशी, आणि त्याची स्प्रिंग सुटली होती. आबांनी आधी ते चिकटवून पाहिलं. दुसऱ्या दाबाला सुटलं. मग ते उठले आणि कामाला लागले. बाजारातून दाराची बिजागरी आणली, सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग आणली, लोखंडी पट्टी कापून वाकवली. स्प्रिंग इतकी कडक की पाय दिला की डबाच मागे सरकायचा. म्हणून सगळं एका लाकडी फळीवर पक्कं ठोकलं. मी म्हटलं, जरा नरम करा. ते म्हणाले, ब्रेक नरम असला तर तो ब्रेक कसला.

अडलं ते दांड्यापाशी. आबांचं पेडल वीतभर खाली जायचं, आणि तो दांडा फिरणार थोडासाच. सायकलच्या तारेने दोघांना जोडलं तर पेडल अर्ध्यावर असतानाच दांडा शेवटाला जाऊन अडायचा. आणखी जोर दिला असता तर तोही तुटला असता. आबांनी तार लांब केली, आखूड केली, पुन्हा लांब केली. मी म्हटलं, तारेची लांबी राहू द्या, तार पेडलला अडकवायची जागा बदला. बिजागरीच्या जवळ अडकवली की पाय पुष्कळ हलेल आणि तार थोडीशीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्टीला बिजागरीपासून दोन बोटांवर भोक पाडलं, तार ओवली आणि पाय दिला. पेडल टेकलं, आणि दांडाही बरोबर तिथेच टेकला.

त्यांनी पाच-सहा वेळा दाबून पाहिलं. मग विचारलं, "हे फिजिक्स?"

"हेच."

"मग हे तर मलेबी येत होतं."

मी म्हटलं, येत होतं, पण तुम्हाला सेकंड क्लास कोणी दिला नाही. यावर ते इतके हसले की आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. किती दिवसांनी हसले होते.

त्याच हसण्याच्या भरात मला दिसलं. ते खाटेच्या कडेवर बसले होते, फळी पायाशी होती, आणि बाहेर रस्त्यावरून एक ट्रक चालला होता. आमची चाळ पुलाकडून गावात चढणाऱ्या रस्त्याला लागून होती. चढाला ट्रकचा आवाज बदलला आणि आबांचा डावा पाय त्या पेडलवर गेला, पार खालपर्यंत, आणि वर आला. त्यांचं लक्षही नव्हतं. ते अजून हसतच होते.

मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही ब्रेक दाबलाच नव्हता. क्लच दाबला होता."

हसू गेलं. त्यांनी पायाकडे पाहिलं. पंचवीस वर्षं ज्या जागी क्लच असतो त्या जागी त्या डब्यात ब्रेक होता. "आवाज चढला की तो जातो," ते हळू म्हणाले. "मी नाही नेत." आणि मग म्हणाले, डबा देऊन ये सरांना, मी काही आता बसत नाही, पुन्हा मोडेन.

हे मला ऐकायचं नव्हतं. दोन दिवस मी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं की फळीवर डावीकडे जागा शिल्लक आहे. तिथे तिसरं पेडल बसवू. ब्रेक मध्ये येईल, त्याच्या जागी येईल. क्लच क्लचच्या जागी.

"त्याले जोडायचं कशाले?"

"कशालाच नाही. तो फक्त पायासाठी."

 खोटा क्लच ही कल्पना त्यांना पटणार नाही असं मला वाटलं. उभ्या आयुष्यात त्यांनी गाडीत एक फालतू नट ठेवलेला मला आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशी गेटवरची ड्यूटी संपवून आले ते वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये भंगारात निघालेल्या ट्रकच्या क्लच पेडलचं रबर होतं. मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं. कोणाच्या पायाने झिजलं होतं कोण जाणे. त्यांनी ते धुतलं, पुसलं आणि नव्या पेडलवर चढवलं. ब्रेकपेक्षा क्लचवर त्यांनी जास्त वेळ घालवला. स्प्रिंग तीनदा बदलली. पाय वर सोडताना क्लच कुठे पकडायला हवा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांना कुठे लागायला हवा, यावर ते अडून बसले. कशालाच न जोडलेला क्लच कुठे पकडणार, असं मी विचारलं नाही.

फळी बघून सर चकित झाले. ब्रेक चालवून पाहिला, कॉम्प्युटरवर मी आकडे जुळवून दाखवले, आणि त्यांनी मोकळ्या मनाने शाबासकी दिली. मग विचारलं, हे तिसरं कशाला. मी सगळं सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं. आणि म्हटलं, रविवारी वडील एकदा बसतील, तुम्ही समोर थांबा, म्हणजे तुमच्या मागे घरच्या माणसाला आणलं असं होणार नाही. सर वरमले. म्हणाले, मी तसं बोलायला नको होतं.

रविवारी आबा आले. तोच इस्त्रीचा शर्ट. हात स्टिअरिंगला, मग कपाळाला. गाडी सुटली, आवाज चढला, डावा पाय खाली गेला, वर आला, आणि गाडी चालत राहिली. पुन्हा चढला, पुन्हा गेला. मी पडद्याकडे बघतच नव्हते. लहानपणी बघायची तेच बघत होते.

मागच्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. आबांनी प्रत्येकीला बाजू दिली. "जाऊ दे, घाई आहे त्याले," असं एकाला म्हणालेही. एका वळणाआधी त्यांनी सवयीने उजवा हात बाहेर काढला तो शेजारच्या कॉम्प्युटरवर आपटला. सरांना हसू आलं. म्हणाले, काका, यात जोरात नेली तरी काही होत नाही, न्या की.

आबा समोर बघतच म्हणाले, "माल भरलेला आहे ना."

 तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या. आबा शेवटचे आले. रेषा ओलांडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि किल्ली बंद करायला त्यांचा उजवा हात स्टिअरिंगखाली गेला. तिथे किल्ली नव्हती. मी कॉम्प्युटर बंद करेपर्यंत तो हात तिथेच होता. मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने स्टिअरिंग पुसलं आणि उठले.

आणखी दोन रविवार ते आले. दोन्ही वेळा शेवटचे आले. मग एक दिवस सरांनी मला बाजूला घेऊन, शब्द शोधत शोधत सांगितलं की पोरांचा गोंधळ होतो. ब्रेक समजून तिसरंच दाबतात, गाडी थांबत नाही, मग भांडतात. काकांना वाईट वाटेल का?

मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, जे कामाचं नाही ते गाडीत ठेवू नये. स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, पेडल सोडवलं, फळीवरची भोकं लाकडाच्या भुशाने आणि डिंकाने बुजवली आणि ते पेडल वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत घालून गेले. सर म्हणाले, काका, तुम्ही येत जा, तेवढ्यापुरतं लावू. आबांनी मान डोलावली, पण परत गेले नाहीत. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चाळही राहिली नाही. ते पेडल माझ्याकडे आहे, पण मी त्यावर कधी पाय ठेवलेला नाही.

कारण ठेवावा म्हटलं की मला ती दुपार आठवते. त्या दिवशी मी क्लासवरून लवकर आले होते. दार उघडं होतं. आबा खाटेवर खिडकीकडे तोंड करून बसले होते, माझ्याकडे पाठ. आई झोपली होती. पुलाकडून भरलेला ट्रक येत होता, लांबूनच ऐकू येत होता. खाटेखाली, त्यांच्या डाव्या पायाशी, एका छोट्या फळीवर ते पेडल ठोकलेलं होतं. ते कधी ठोकलं, आम्हाला कळलंही नव्हतं. ट्रक चढाला लागला. आवाज दमत गेला, दमत गेला, आणि त्या ड्रायव्हरने गिअर बदलायच्या किंचित आधी आबांचा पाय खाली गेला. मग ट्रकचा आवाज तुटला, पुन्हा धरला. आबांनी पाय हळूहळू वर सोडला, जिथे पकडायला हवा म्हणून ते अडून बसले होते तिथे क्षणभर थांबवला, आणि मग पुरा सोडला.

मागून दुसरा ट्रक येत होता. मी हातातल्या चपला हातातच धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तोही वर पोचेपर्यंत आत गेले नाही.